पापणी लवली नाही तर?

घरबसल्या बँक खातं उघडताना मोबाइल सांगतो, 'डोळे मिचकावा.' कॅमेऱ्यासमोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची ही खातरजमा. पण ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच जळाल्या, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, असं बजावलं.

यावर बँकवाले म्हणतील, अशी सूट दिली की लबाडांचं फावेल. भीती खोटी नाही, फसवणूक होतेच. पण सूट कुणी मागतंय कुठे? समोरचा माणूस जिवंत आहे, हे मान वळवून किंवा व्हिडिओ कॉलवर अधिकाऱ्याशी बोलूनही सिद्ध होतं. सर्वसमावेशक रचना म्हणतात ती हीच, तपासणी तितकीच कडक, फक्त तिथवर जायच्या वाटा एकाहून अधिक. खर्चाचं म्हणाल, तर तो फुगतो सगळं बांधून झाल्यावर ठिगळं लावताना. शिवाय लाभ मूठभरांचाच, हेही खरं नाही. मोतीबिंदू काढून डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजींनाही हयातीच्या दाखल्यासाठी असाच कॅमेरा गाठावा लागू शकतो.