शब्द वाक्यात लावा

आज मुलांच्या इंग्रजीबद्दल बोलायचंय. आपलं सुरतजवळचं चलथाण म्हणजे ऊस आणि साखर कारखाना, तेव्हा दाखलाही उसाचाच घेते.

खानदेशातून इकडे आलेल्या आपल्या घरांत अहिराणी चालते, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी, पुस्तकात मराठी. आपली पोरं या सगळ्या भाषा लीलया बोलतात आणि इंग्रजीपाशी अडतात. का? कारण आपण त्यांच्या हाती यादी देतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. रोज दहा पाठ. पाठांतर चोख, पण एक वाक्य बोल म्हटलं की पोर गप्प!

उसाचं बेणं कितीही चांगलं असो, बांधावर ठेवलं तर वाळणारच. टिपरी सरीत दाबावी लागते, तेव्हा डोळा फुटतो. शब्दाची सरी म्हणजे वाक्य.

'अप्लाय' घ्या. वहीत अर्थ असतो 'अर्ज करणे'. मग मलमाच्या ट्यूबवर 'अप्लाय' दिसलं की मूल गोंधळतं. त्याला वाक्यं द्या: 'ही अप्लाइड फॉर अ जॉब', नोकरीसाठी अर्ज केला. 'अप्लाय धिस ऑइंटमेंट टु द वूंड', जखमेला मलम लाव. 'द ड्रायव्हर अप्लाइड द ब्रेक्स', ब्रेक लावले. 'धिस रूल अप्लाइज टु ऑल', नियम सगळ्यांना लागू. कुठे 'फॉर' येतो, कुठे 'टु', हेही वाक्यच शिकवतं. आणि एकदा मूळ धरलं की खोडवा येतो: 'ॲप्लिकेशन', 'ॲप्लिकंट'. नव्यानं लावण करावी लागत नाही.

'परीक्षा देणे' पाहा. मूल सरळ 'गिव्ह' लावतं. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. यादीत 'टेक' म्हणजे 'घेणे' एवढंच असतं, मग त्या बिचाऱ्याला कळावं कसं?

ही काही नवी युक्ती नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिथे शब्दांपाठोपाठ वाक्यं येत. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खास शिकणाऱ्यांसाठी कोश केला. 1942 साली तो टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डनं काढला. शब्द वाक्यात कसा चालतो, हे दाखवणं हाच त्याचा गाभा होता.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं: अर्थ हवाच, पण अर्थावर थांबू नका. आणि छापील वाक्यावरही थांबू नका. मुलाला त्याच्या जगातलं वाक्य करू द्या. 'डिले' शिकला? 'द ट्रेन वॉज डिलेड ॲट उधना.' 'क्रश' शिकला? 'द फॅक्टरी क्रशेस केन इन विंटर.' वडील डाइंग मिलमध्ये असतील तर 'शिफ्ट'चं वाक्य त्यांच्याबद्दल होऊ दे. असं वाक्य विसरायला होत नाही.

लावण झाली की पाण्याच्या पाळ्या आल्या. आजचा शब्द उद्या नव्या वाक्यात, आठवड्यानं आणखी एका. एकदाच भरमसाट पाणी सोडून पीक येत नाही, तसं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकून शब्द टिकत नाहीत.

आईवडिलांनो, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मागे सरू नका. आज रात्री मुलाची वही उघडा. दहा शब्दांपैकी तीनच ठेवा आणि प्रत्येकाचं एक वाक्य त्याच्याकडून करून घ्या. मराठीत सांगायला लावा, मग इंग्रजीत. चुकलं तरी बोलू द्या; उद्या शिक्षकांना विचारून दुरुस्त होईल. शब्द कमी, वाक्यं जास्त, एवढं पाळाच.