घराघरांतील नादसंचित



गायनाचार्य भास्करबुवा बखले 1922 साली निवर्तले. त्यांच्या गायकीची थोरवी आजही सांगितली जाते. परंतु ती ऐकवू शकेल अशी ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. उलट, 1902 साली कोलकात्यात गौहरजान यांनी ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे केलेले गायन आजही ऐकता येते.

78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. विस्ताराने मांडलेला ख्याल तिच्यात बसणे अशक्यच होते. ही उणीव पुढे भरून काढली ती टेपरेकॉर्डर बाळगणाऱ्या हौशी रसिकांनी. बालकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा नगरांतील मराठी घरांचे गाण्याशी असलेले नाते तितकेच जुने आहे. तेथील घरगुती मैफलींच्या फिती आज कपाटांच्या वरच्या फळीवर पडून असतील, तर त्यांची दखल घेण्याची हीच वेळ आहे.

कारण फीत अमर नसते. दमट हवेत तिला बुरशी धरते. काही फितींवर चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य ओलावा शोषून चिकट होते आणि फीत वाजवताना थरच खरवडला जातो. फीत टिकली, तरी ती वाजवणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर दुर्मीळ होत आहेत.

डिजिटल रूपांतराला घाई मानवत नाही. आधी यंत्राचे हेड स्वच्छ करावे. 78 फेऱ्यांच्या तबकडीला जाड सुई लागते, एल.पी.ची बारीक सुई तिच्या रुंद खोबणीत नीट बसत नाही. जुन्या तबकड्यांची गती नेमकी 78 असेलच असे नाही. ती चुकली, तर काळी एकमध्ये गाणारा कलावंत पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो. खरखर अतिरेकाने काढली, तर तिच्यासोबत तानपुऱ्याचा झंकारही जातो. म्हणून मूळ प्रत 96 किलोहर्ट्झ, 24 बिट या प्रमाणात जशीच्या तशी जपावी. संस्कार दुसऱ्या प्रतीवर करावेत. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.

अनुमतीचेही भान हवे. भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क 60 वर्षे टिकतो, आणि कलावंताचे हक्क त्याहून वेगळे असतात. घरगुती मैफल जतन करणे निराळे, ती जगापुढे मांडणे निराळे.

सर्वांत नाजूक दुवा मात्र माणसाच्या स्मृतीचा आहे. राग जाणकाराला ओळखता येतो. पण तबल्यावर कोण होते, पेटीवर कोण, मैफल कोणाच्या दिवाणखान्यात झाली, हे घरातील ज्येष्ठांनाच ठाऊक असते. फीत वाजवून देणारा उद्याही भेटेल, ही माहिती देणारा भेटेलच असे नाही. म्हणून यंत्र मिळण्याची वाट न पाहता प्रत्येक कुटुंबाने ज्येष्ठांशेजारी बसून फितींवरील नावे आधी लिहून घ्यावीत. शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेटी कोणाकडे असतील, तर त्यांचाही आरंभ याच नोंदवहीपासून व्हावा.