सैनिकाच्या सेवानोंदीत राहून गेलेले पदक

(माजी सैनिकांच्या तालुका मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि पाल्यांच्या शिष्यवृत्त्या यांविषयी आपणांस येथे सविस्तर माहिती देण्यात आलेली आहे. माझ्याकडे सोपविलेला विषय त्या मानाने लहान वाटण्याजोगा आहे. सैनिकाने मिळविलेले एखादे पदक त्याच्या सेवानोंदीत लिहावयाचे राहून गेले असल्यास ते कसे लिहवून घ्यावे, एवढाच तो विषय आहे.

पदकाने कोणाचे पोट भरत नाही, असे काहीजण म्हणतात. युद्धसेवेच्या पदकाबरोबर रक्कम मिळत नाही, हे खरेच आहे. परंतु आपण कोणत्या रणभूमीवर होतो, याची सरकारी दप्तरातील साक्ष म्हणजे ते पदक होय. सैनिक आज आपल्या तोंडाने ही हकीकत सांगू शकतो. उद्या तो नसेल, तेव्हा कागद जेवढे सांगेल तेवढेच नातवंडांना कळेल.

प्रथम पदकांचे दोन वर्ग लक्षात घ्यावेत. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक हे गौरव विशिष्ट कामगिरीबद्दल, वरिष्ठांच्या शिफारशीवरून दिले जातात आणि भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. दुसरा वर्ग सेवेच्या पदकांचा. १९६५ च्या युद्धाबद्दल समर सेवा स्टार व रक्षा मेडल, १९७१ च्या युद्धाबद्दल पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम मेडल, तसेच दीर्घ सेवेबद्दल नऊ वर्षांचे व वीस वर्षांचे पदक ही याची उदाहरणे होत. आपल्या भूमीच्या मुक्तीसाठी १८ व १९ डिसेंबर १९६१ या दिवशी जे सैनिक येथे उतरले, त्यांच्यासाठी जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी आहे. या दुसऱ्या वर्गातील पदके शिफारशीने मिळत नाहीत. ठरावीक अटी पूर्ण करणारा सैनिक त्यांस हक्काने पात्र असतो. दप्तरात राहून जातात ती बहुधा हीच पदके.

ती का राहतात, याची कारणे समजून घेतली म्हणजे उपायही सुचतो. सैनिकाची बदली, बढती, रजा, विवाह, जखम, पदक या प्रत्येक गोष्टीचा आदेश पलटणीतून निघतो. त्यास ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. तो रेकॉर्ड ऑफिसात पोहोचला म्हणजे सैनिकाच्या ‘शीट रोल’वर नोंद चढते आणि सेवामुक्तीच्या वेळी त्यावरूनच डिस्चार्ज बुकातील पदकांचा रकाना भरला जातो. या साखळीतील एक कडी निसटली तरी नोंद राहते.

पहिले कारण काळाचे. युद्ध आधी होते आणि पदक नंतर स्थापन होते. समर सेवा स्टार व रक्षा मेडल १९६७ मध्ये स्थापन झाली, जखमी सैनिकांसाठीचे पराक्रम पदक १९७३ मध्ये. याद्या तयार होईपर्यंत कित्येक जवान घरी परतलेले होते. दुसरे कारण स्थलांतराचे. जखमी जवान इस्पितळात जातो, तेथून परस्पर सेवामुक्त होतो आणि पलटणीच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

तिसरे कारण नावाचे, आणि ते आपल्याकडे विशेष आढळते. ‘ज्ञानदेव’ हे नाव एका कारकुनाने उच्चाराप्रमाणे ‘ग्यानदेव’ लिहिले, दुसऱ्याने इंग्रजी अक्षरांत ‘ड्न्यानदेव’ केले. गोव्यात तर पोर्तुगीज वळणामुळे देसाई या आडनावात ‘एस’ हे अक्षर दोनदा येते आणि सैन्याच्या कागदावर एकदाच. माणूस एकच, परंतु कागदावर दोघे होतात.

माझ्या पाहण्यातील एक प्रकरण येथे सांगतो. एका खेड्यातील जवान १९६६ मध्ये भरती झाला. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा पाय जायबंदी झाला आणि १९७२ च्या अखेरीस वैद्यकीय कारणावरून तो घरी आला. त्याच्या डिस्चार्ज बुकात जखमेची नोंद आहे, परंतु पदकांच्या रकान्यात केवळ सैन्य सेवा मेडल आहे. त्याने एकदा अर्ज केला, उत्तर आले नाही. पुढे तो वारला. गावातील माध्यमिक शिक्षकांनी ते पुस्तक पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘शत्रूच्या गोळ्याने जखम झाली असे सरकारच लिहिते, तर युद्धात असल्याचे पदक का नाही?’ त्यांनी त्याच्या पत्नीच्या नावे अर्ज लिहून दिला. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, पराक्रम पदक आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना मिळालेले स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल अशा चार पदकांची मागणी त्यात होती. दोनदा पत्रव्यवहार झाल्यावर चारही नोंदी झाल्या. त्या बाई म्हणाल्या, ‘ते लंगडत चालायचे, तेव्हा लोक विचारायचे, कुठे पडलात? आता लेकरांना कागद दाखवता येईल.’ पदकाची किंमत यापेक्षा निराळ्या शब्दांत सांगण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

आता अर्जाची रीत. घरातील डिस्चार्ज बुक उघडावे आणि कोणत्या साली सैनिक कोणत्या पलटणीत, कोणत्या भागात होता, याचे टिपण करावे. पदकांच्या रकान्याशी ते ताडून पाहावे. तफावत दिसल्यास सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची व सेवामुक्तीची तारीख देऊन, प्रत्येक पदकाचा निराळा उल्लेख करून संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. तो सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठविणे इष्ट, कारण मग त्याला जावक क्रमांक मिळतो व स्मरणपत्र पाठविता येते.

अर्ज योग्य ठिकाणी जाणे महत्त्वाचे आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावी आहे. महार रेजिमेंटचे सागर येथे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीस, तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपुरास आणि ई.एम.ई.चे सिकंदराबादेस आहे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईस आणि हवाई सैनिकांच्या नवी दिल्लीस ठेवल्या जातात.

पुरावा म्हणून डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाचे कागद, निवृत्तिवेतनाचा आदेश यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. त्या काळी घरी आलेली, ‘५६ ए.पी.ओ.’ असा पत्ता असलेली पत्रे आणि सोबत्यांची निवेदनेही उपयोगी पडतात. नावात फरक असल्यास दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आरंभीच जोडावे. मूळ कागद मात्र कधीही टपालाने पाठवू नयेत.

उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये शुल्क भरून शीट रोलमधील पदकविषयक नोंदींची प्रत मागता येते. सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मागणी अमान्य झाली तर तिचे कारण लेखी घ्यावे. सशस्त्र सेना न्यायाधिकरण हा त्यापुढचा मार्ग, परंतु बहुतेक प्रकरणे तेथवर जाण्याची गरज पडत नाही.

दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. शौर्यपुरस्कार अर्ज करून मिळत नाही. राजपत्रात नाव असूनही पुस्तकात नोंद नसेल तर दुरुस्ती होते, परंतु जे राजपत्रात नाही ते दुरुस्तीने निर्माण होत नाही. दुसरी गोष्ट, बाजारात पदके विकत मिळतात म्हणून ती घेऊन लावू नयेत. खऱ्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक व नाव कोरलेले असते. स्वतःचे पदक हरवले असल्यास दुसरे मागण्याची तरतूद आहे.

आणि विलंब करू नये. निवृत्तिवेतनाविना सेवामुक्त झालेल्या सैनिकांची कागदपत्रे नियमानुसार पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात व ‘लाँग रोल’ तेवढा कायम राहतो. १९६५ व १९७१ च्या सैनिकांबाबत ती मुदत केव्हाच उलटली आहे. म्हणजे अशा अनेकांच्या बाबतीत घरच्या पेटीतील डिस्चार्ज बुक हाच सर्वांत भक्कम पुरावा उरला आहे. १९७१ साली विशीत असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे आहे, आणि त्याचे साक्षीदार सोबतीही त्याच वयाचे आहेत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की आपल्या गावातील प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी एकदा जावे, ते पुस्तक वाचून दाखवावे आणि आवश्यक तेथे अर्ज लिहून द्यावा. पंचायतीच्या सचिवांनी व महसूल कर्मचाऱ्यांनी नावाच्या दाखल्यासाठी वृद्धांना हेलपाटे घालावयास लावू नयेत. वीरपत्नींनी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून पेटी बंद ठेवू नये. पतीच्या पश्चात पत्नीस अर्ज करता येतो.

सैनिकाने आपले काम त्या त्या वेळी पूर्ण केलेले आहे. राहिले आहे ते लिहिण्याचे काम, आणि ते आपणा सर्वांचे आहे. जय हिंद.