कायदा किनाऱ्यावर, जाळं समुद्रात



1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्यासाठी बाबासाहेबांसोबत हजारो माणसं चालत गेली. ठराव आणि पाणी यांच्यातलं हे अंतर आज समुद्रावरही दिसतं.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचं नियमन राज्य सरकार करतं, त्यापलीकडे केंद्र. हे कायदे कुणाच्या कृपेने आले नाहीत. 1970 च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसले, तेव्हा गोव्याचे रापणकार संघटित होऊन रस्त्यावर आले. केरळचे मच्छीमारही लढले. या दोन्ही ठिकाणी 1980 मध्ये कायदे झाले आणि 1981 मध्ये महाराष्ट्रात.

नियम पुढेही येत गेले. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. 2016 मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले. 2017 मध्ये केंद्राने 12 मैलांपलीकडेही एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. 2021 मध्ये राज्याने दंड लाखांत नेला.

एलईडी मासेमारी चालते कशी? जनरेटरवरचे प्रखर दिवे लावले की मासे उजेडाकडे गोळा होतात. मग भोवती पर्ससीन जाळं टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा त्याचा तळ आवळतात. थवाच्या थवा आत सापडतो. जाळ्याचा आस बारीक असेल, तर अजून अंडीही न घातलेली पिल्लंसुद्धा. छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काही उरत नाही आणि बाजारात बसणाऱ्या बाईची पाटी रिकामी राहते.

मालवणच्या किनाऱ्यावरून पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं या दिव्यांची तक्रार करत आले आहेत. तरी दिवे पेटतात. कारण गस्त अपुरी आहे. आणि तक्रार कोण करतो, यावर ती किती ऐकली जाणार हे ठरतं. पाण्याचा रंग पाहून मासा ओळखणाऱ्या कोळ्याचं, गाबिताचं, तमिळनाडूच्या पट्टणवराचं ज्ञान आपण ‘जातीचं काम’ म्हणून बाजूला ठेवतो. समितीवर तज्ज्ञ म्हणून बसतो तो दुसराच कुणीतरी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मोठ्या जाळ्यांचे काही मालक मच्छीमार जातींतलेच आहेत. त्यांच्या नौकांवर राबणारे खलाशी कुठून येतात? अनेकदा नेपाळमधून, परप्रांतांतून. धाड पडते तेव्हा नौकेवर खलाशी असतो, मालक किनाऱ्यावर. म्हणून नुसतं ‘आपली जात’ म्हणून भागत नाही. मालकी कुणाची आणि घाम कुणाचा, हेही विचारायला हवं.

आपण करायचं काय? आपल्या घरात शासन निर्णय वाचू शकणारी पहिली पिढी आपण आहोत. ते वाचा, सोप्या भाषेत मच्छीमार सोसायटीत मांडा. माहितीच्या अधिकारात विचारा: या हंगामात किती नौका पकडल्या, किती दंड ठोठावला, त्यातला वसूल किती झाला, परवाना कुणाचा रद्द झाला? अर्ज आपल्या हातचा असेल, पण प्रश्न किनाऱ्यावरच्या बायाबापड्यांना विचारून लिहा. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

जय भीम.