पोटातली कात्री



मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. करून फौजेत गेलो, इन्फन्ट्रीत ३१ वर्षं काढली, आता महूला राहतो. गेल्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीची सलाईन लागते.

चौथ्या डोसाच्या आधी घसा धरला. नेहमीच्या सवयीने मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं, दोन गोळ्या घेतल्याही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "सर, मला विचारल्याशिवाय ही गोळी नको. तुमच्या औषधाला पोटातल्या जंतूंची मदत लागत असावी."

घशाची गोळी, फुप्फुसाचा कॅन्सर आणि पोटातले जंतू, यांचा संबंध काय? मी वाचायला बसलो.

आपल्या टी-पेशी म्हणजे गस्तीचे जवान. कॅन्सरची पेशी त्यांना पीडी-एल१ नावाचं प्रथिन दाखवते आणि जवान बंदूक खाली करतो. आमचं औषध हा खोटा पास चालू देत नाही. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ साली नोबेल मिळालं. पण औषध तेच असून एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही.

२०२१ साली 'सायन्स'मध्ये अमेरिकेतलं एक संशोधन आलं. आतड्यात एन्टेरोकॉकस नावाचे जंतू असतात. त्यांच्यातल्या काही जाती सॅगए नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडतात. हे विकर कात्रीसारखं काम करतं. जंतूंच्या भिंतीचे ते बारीक तुकडे करतं. आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये नॉड२ नावाचा पहारेकरी असतो. तो हे तुकडे ओळखतो आणि सगळी फौज सावध होते. असे जंतू पोटात असलेल्या उंदरांवर औषध जास्त चाललं. नॉड२ नसलेल्या उंदरांना तो फायदा मिळाला नाही. मग शास्त्रज्ञांनी या विकराचं जनुक चीज बनवताना वापरतात त्या निरुपद्रवी जंतूत घातलं, तर तोही मदतीला आला. म्हणजे करामत कात्रीची होती.

आता सावधगिरीचं बोलतो. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. यातलाच एन्टेरोकॉकस फेशियम हॉस्पिटलांत गंभीर संसर्गही करतो. तेव्हा जंतूंच्या कॅप्सूल आपल्या मनाने विकत घेऊ नका. दही-ताक खाल्ल्याने कॅन्सर जातो, असंही कुणी समजू नये.

पण अँटिबायोटिकची गोष्ट माणसांतही दिसली आहे. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी फुप्फुस, मूत्रपिंड आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे रुग्ण तपासले. इम्युनोथेरपीच्या आगेमागे ज्यांनी अँटिबायोटिक्स घेतली होती, त्यांना उपचाराचा लाभ कमी झाला होता. कारण तेच एक, असं यातून सिद्ध होत नाही. पण इशारा म्हणून एवढं पुरे.

खरा संसर्ग झाला आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर न घाबरता पूर्ण कोर्स घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला संसर्ग जिवावर बेतू शकतो. पण मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

माझा घसा मिठाच्या गुळण्यांनी बरा झाला. पुढचा स्कॅन महिन्याभराने आहे. त्या दोन गोळ्यांनी काही बिघडलं की नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून आज बोललो.

जय हिंद.