वाचन-लेखनाचा पाया : वर्गात करावयाचे काम



नागपूर-वर्धा लोहमार्गावरील, सेलू तालुक्यातील या गावाचे नाव कंसासह लिहिले जाते. वर्ध्यालगतच्या सिंदी (मेघे) पासून ते वेगळे कळावे, म्हणून ‘सिंदी (रेल्वे)’. गावातील प्रत्येक मूल हे नाव रोज उच्चारते. लिहिताना मात्र त्याला बऱ्याच अडचणी पार कराव्या लागतात. पहिल्या अक्षरावर ऱ्हस्व वेलांटी आणि अनुस्वार, दुसऱ्यावर दीर्घ वेलांटी, पुढे मात्रा आणि अर्ध्या ‘ल’चे जोडाक्षर. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी लिहावयाची व नंतर उच्चारावयाची. जे मोठ्यांना सवयीने सोपे झाले आहे, ते सहा वर्षांच्या मुलाला किती कठीण असते, हे यावरून ध्यानात यावे.

वर्धा जिल्ह्याला शिक्षणविचाराची मोठी परंपरा आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाशी जोडलेले अध्ययन यांचा पुरस्कार केला. अक्षर गिरवण्यापूर्वी मुलाला चित्र काढता यावे, असे गांधीजींनी आत्मकथेत सांगितले आहे. या विचाराचा उपयोग आजच्या वर्गातही होतो. रेषा, वळण आणि गोल यांवर हात बसलेल्या मुलाला अक्षराचे वळण लवकर साधते.

पहिले काम निदानाचे. प्रत्येक मुलाला जवळ बसवून त्याच्याकडून अक्षर, शब्द, लहान उतारा आणि गोष्ट या क्रमाने वाचून घ्यावे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून झालेल्या ‘असर’ पाहणीत हीच साधी रीत वापरली गेली. एका मुलाला काही मिनिटे पुरतात. त्यानंतर रोज निदान एक तास इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करावेत. चौथीतील जे मूल शब्दाशी अडते, त्याला चौथीचा धडा पुन्हा पुन्हा वाचावयास लावून काही साधत नाही. ते शेजाऱ्याचे ऐकून ओळी पाठ म्हणू लागते आणि वाचता येत नसल्याचे लपवते. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडालेल्या मुलालाही परतल्यावर जेथे ते थांबले होते तेथूनच पुढे न्यावे.

दुसरे काम अक्षरांच्या क्रमाचे. संपूर्ण मुळाक्षरे व बाराखडी पाठ होईपर्यंत अर्थपूर्ण शब्दाची वाट पाहण्याचे कारण नाही. क, म, ल, न, र ही पाच अक्षरे आणि काना एवढ्यावर कान, नाक, काम, रान, मका, माल, कला, लाल, कमल, कमान, नकार असे कितीतरी शब्द होतात. ‘राम, काम कर’ हे वाक्यही होते. शिकलेल्या अक्षरांतून अर्थ निघतो हे मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच कळले, म्हणजे पुढील अक्षरांची गोडी आपोआप लागते. एका गटात दिसण्यात सारखी अक्षरे, उदाहरणार्थ घ आणि ध, शक्यतो एकत्र आणू नयेत. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचन-लेखनाच्या अध्यापनावर दीर्घकाळ केलेले काम शिक्षकांनी अवश्य अभ्यासावे.

तिसरे काम घरच्या बोलीला वर्गात स्थान देण्याचे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी नंदी सजवून नेतात. सिंदीचा तान्हा पोळा तर परिसरात प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात एखादा मुलगा सांगतो, ‘म्या माह्या नंदीले तुरा लावला.’ शिक्षकाने ते वाक्य तसेच फळ्यावर लिहावे, मुलांकडून वाचून घ्यावे आणि त्याखाली ‘मी माझ्या नंदीला तुरा लावला’ हे प्रमाण रूप लिहावे. दोन वाक्यांत काय बदलले, ते मुलांनीच शोधावे. बोलल्या क्षणीच ‘चूक’ म्हटले, तर मूल बोलणेच थांबवते. ज्याला बोलावयाचे नाही, त्याला लिहावयाचे तरी काय?

चौथे काम लेखन तपासण्याचे. वही लाल शाईने भरून गेली, की कोणती चूक आधी सुधारावी हे मुलाला उमगत नाही. या आठवड्यात केवळ वेलांट्या, पुढील आठवड्यात ‘र’ची रूपे, असा क्रम ठेवावा. सूर्य, चक्र, ट्रक आणि सुऱ्या या चार शब्दांत ‘र’ चार रूपांनी येतो. तो स्वतंत्रपणे शिकविल्याखेरीज येत नाही. मजकुराचे कौतुक आधी व्हावे, शुद्धलेखनाची दुरुस्ती मागाहून.

याखेरीज शिक्षकाने रोज दहा मिनिटे एखादी गोष्ट वाचून दाखवावी. पुस्तके कुलुपबंद कपाटातून काढून मुलांच्या हाताशी, दोरीवर टांगून ठेवावीत. फाटलेले पुस्तक चिकटवता येते; न उघडलेल्या पुस्तकाचा उपयोग कोणालाच नाही.

5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवले आहे. तिसरीनंतर परिसर अभ्यास, गणित, इतिहास हे सारेच वाचनावर उभे राहते. तेथे मागे पडलेले मूल प्रत्येक विषयात मागे पडते आणि शेवटी शाळेपासूनच दूर जाते. म्हणून वर्गातील शेवटच्या बाकावरील मूल आज कोणत्या पायरीवर आहे, याची नोंद प्रत्येक शिक्षकाच्या वहीत असावी आणि महिन्याअखेर ते एक पायरी वर आले की नाही, हे पडताळून पाहावे. अभियानाचे यश अखेर या नोंदीवरूनच ठरेल.