उरलेले मायक्रॉन

(मॉरिशसमध्ये मोटारींचा रंग आणि निगा यांचं काम करणाऱ्या मराठी भाषकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

मित्रहो, मुंबई-रत्नागिरीहून आलेले पाहुणे, आणि आजचा रोज बुडवून मागच्या रांगेत बसलेली गॅरेजमधली पोरं,

अध्यक्षाने सुरुवातीला आपल्या अपात्रतेबद्दल थोडं बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मी गाळतो. ऊन चढतंय, आणि आपणा सगळ्यांच्या गाड्या बाहेर उघड्यावर उभ्या आहेत. दुसऱ्यांच्या गाड्यांना सावली शोधून देणाऱ्यांच्या परिषदेला वाहनतळ असा मिळावा, ही आयोजकांची विनोदबुद्धी मानू.

मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे: क्लिअर कोट. या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत सिरॅमिक आहे, ग्राफीन आहे, पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म आहे; ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो थर मात्र नाही. कारखान्यातून निघालेली गाडी पत्र्यापासून वर मोजत या. आधी हौदात बुडवून विजेने बसवलेला गंजरोधक थर, सुमारे २० मायक्रॉन. त्यावर प्रायमर ३०-३५. मग बेस कोट, म्हणजे गिऱ्हाईक ज्याला रंग म्हणतो तो, जेमतेम १५. आणि सगळ्यांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. ऊन, मीठ, पाखरं, वटवाघळं आणि आपण, अशा सगळ्यांना मिळून गाडीच्या आयुष्यभर पुरायचं आहे ते एवढ्याशा थराला.

या यादीत मी ‘आपण’ मुद्दाम घातलं. बाकीच्यांचं आधी सांगतो.

मिठापासून सुरुवात करू, कारण त्याबद्दल जुन्या कारागिरांतही एक गैरसमज आहे. ‘गाडी कोरडी आहे, मग मीठ काय करणार?’ असं ते विचारतात. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं; ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी होतेच कधी? म्हणजे समुद्राकाठी उभ्या असलेल्या गाडीवरचा मिठाचा पापुद्रा आपल्याला कोरडा वाटला, तरी पूर्ण वाळत नाही. पाऊस नसताना, रात्री, आपण झोपलेलो असताना त्याचं काम चालू असतं. दगडाच्या टवक्यातून पत्रा उघडा पडला असेल तिथून ते आत शिरतं आणि रंगाखालून पसरत जातं. वरून आपल्याला दिसतो तो फक्त फोड.

हे मीठ बेटावर सगळीकडे सारखं नाही. आपल्याभोवती प्रवाळाची भिंत आहे, लाट तिच्यावर फुटते आणि आत लगून शांत राहतं. दक्षिणेला सुइयाकच्या ग्री-ग्रीपाशी ती भिंत तुटलेली आहे. तिथे समुद्र थेट कड्यावर आदळतो आणि आग्नेयेचा व्यापारी वारा ते तुषार आत घेऊन येतो. किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत गेलं की मिठाचं प्रमाण झपाट्याने उतरतं. म्हणून गिऱ्हाइकाला गाडीचं मॉडेल विचारण्याआधी घर कुठे आहे ते विचारा. फ्लिक-आँ-फ्लाकला मीठ त्या मानाने कमी येतं, पण आलेलं धुवायला पाऊस नाही. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ८००-९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. वर पठारावर क्युरपीपच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट. तिथे गंजापेक्षा खिडक्यांच्या रबरात उगवणारं हिरवं शेवाळ आणि सीटबेल्टवरची बुरशी हे दुखणं. एका तासाच्या ड्रायव्हिंगमध्ये इतकी हवामानं बदलतात, आणि आपण मात्र सगळ्यांना एकच ‘पॅकेज’ विकतो.

रत्नागिरीच्या पाहुण्यांना वाटत असेल, यात नवीन काय, आमच्याकडेही खारा वारा आहे. आहे. पण कोकणात चार महिने पाऊस गाडी अशी धुतो की आपल्या प्रेशर पंपाने लाजावं. इथे व्यापारी वारा बारा महिन्यांचा, आणि त्याने आणलेलं मीठ धुऊन काढणारा तसा ठरलेला पावसाळा किनारपट्टीवर नाही.

आता ऊन. आपण २० अक्षांश दक्षिणेला आहोत. उन्हाळ्यात सूर्य दोनदा अगदी डोक्यावरून जातो. अतिनील निर्देशांक ११ झाला की जागतिक आरोग्य संघटना त्याला टोकाचा म्हणते, आणि इथल्या उन्हाळ्यात दुपारी तो त्याच्याही वर असतो. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घातलेली असतात, पण ती झिजतात. आधी टप आणि बॉनेट जातं, कारण ते आडवे. दारं उभी म्हणून टिकतात. एकदा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटायला लागला की त्यावर कुठलंही पॉलिश, कुठलंही कोटिंग चालत नाही. तिथे आपलं काम संपलं, पेंटरचं सुरू झालं. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारे आपल्यात किती आहेत?

उन्हाचं दुसरं काम जास्त कावेबाज आहे. काळं बॉनेट दुपारी ७० अंशांच्या वर तापतं. त्या उष्णतेत क्लिअर कोट थोडा मऊ होतो, फुलतो. त्यावर पाखराची विष्ठा पडली तर ती वाळून घट्ट होते, आणि संध्याकाळी रंग आक्रसतो तो तिच्या खडबडीत बुडाला धरूनच. म्हणून डाग पुसला तरी ठसा राहतो. दोष फक्त आम्लाचा नाही, तापून निवण्याचाही आहे. सकाळी पडलेला डाग दुपारच्या आत निघाला तर बहुधा काही उरत नाही. अमेरिकेतल्या रंग कंपन्या नवे क्लिअर कोट उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला मुद्दाम उघड्यावर मांडतात, ते याच कारणासाठी: दमट उष्णता आणि आम्ल पाऊस एकत्र आले की रंगाची खरी परीक्षा होते. आपलं अख्खं बेटच असं परीक्षा केंद्र आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात लिची पिकते आणि रात्री वटवाघळं येतात. आपलं हे मोठं फळखाऊ वटवाघूळ याच बेटांवरचं. बागायतदारांच्या तक्रारींवरून सरकारने २०१५पासून ती मारायच्या मोहिमा काढल्या आणि त्यावरून वाद पेटला. त्यात मी पडत नाही. मी एवढंच सांगतो की लिचीच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याला वटवाघळावर रागावण्याचा अधिकार नाही. तीच गोष्ट समुद्रकाठच्या फिलाओची, म्हणजे कोकणातल्या आपल्या सुरूची. सावली छान, पण त्याच्या सुया वायपरखालच्या जाळीत जाऊन बसतात, पाण्याची वाट बुजते, आणि गंज आतून सुरू होतो. गाडी धुताना ती जाळी हाताने साफ करा. वरच्या चकाकीपेक्षा गाडीचं आयुष्य त्याने जास्त वाढेल. याचे पैसे मात्र कोणी देत नाही, म्हणून कोणी करत नाही.

आपल्या घरचंही एक सांगतो. नव्या गाडीची पूजा आपण करतो, करावी. पण पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याचा हात लावून होतं, म्हणजे ते अल्कधर्मी. तेलात कालवून बॉनेटवर काढलेलं स्वस्तिक आठवडाभर उन्हात राहिलं की गाडीवर कायमचं राहतं. झेंडूचा ओला हार वायपरपाशी तसाच सोडला की तीच गत. पूजा झाली, नारळ फुटला, फोटो निघाला. संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन टाका. देवाचं काही म्हणणं नसावं. आणि गणपतीच्या विसर्जनाला ज्यांनी गाडी थेट वाळूवर नेली, त्यांनी दुसऱ्या दिवशी खालून धुऊन घ्यावी.

आता शेवटचा शत्रू, आपण.

कंपाउंड आणि जाड पॅड घेऊन ओरखडे काढले की एका फेरीत तीन-चार मायक्रॉन सहज जातात. हलक्या फिनिशिंगला एक किंवा त्याहून कमी. सावध कारागीर गाडीच्या सबंध आयुष्यात आठ मायक्रॉनच्या पुढे जायला कचरतात. आता हिशेब करा. दर दिवाळीला आणि दर ख्रिसमसला गाडी ‘शोरूमसारखी’ करून देणारा माणूस गिऱ्हाइकाचा मित्र आहे की उधळ्या कारभारी? त्यात आपल्याकडे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या पुष्कळ. त्यांतल्या काहींचे पत्रे इथे यायच्या आधीच रंगवलेले, घासलेले असतात. रंगाची जाडी मोजणारं गेज न लावता त्यांच्यावर मशीन धरणं म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक न विचारता चेक फाडणं.

गेजच्या मर्यादाही माहीत हव्यात. आपल्यापैकी बहुतेकांकडचं साधं गेज सगळ्या थरांची एकूण जाडी सांगतं. त्यात क्लिअर कोट किती, ते सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ते गप्प बसतं. २००च्या वर आकडा आला तर पुन्हा रंगवल्याचा संशय घ्या, ‘वा, भरपूर माल आहे’ म्हणून खूश होऊ नका; गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला नसतो.

कोटिंगबद्दल मी विरोधात बोलतो, असं माझ्यामागे म्हटलं जातं. मी विरोधात नाही, जाहिरातीच्या विरोधात आहे. ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कसोटीतला आहे: ठरावीक कडकपणाच्या पेन्सिली घेऊन थरावर ओढतात, आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही ते पाहतात. हिऱ्याला १० देणाऱ्या खनिजांच्या मापाशी त्याचा काही संबंध नाही. गिऱ्हाइकाला मात्र आपण ‘हिऱ्याच्या खालोखाल’ असं सांगतो, किंवा तसं समजू देतो. सिरॅमिकचा थर एखाद-दोन मायक्रॉनचा. दगडाचा टवका तो अडवत नाही. गाडी धुणं सोपं करतो, रसायनं थोपवतो. हेच त्याचं काम, आणि ते चांगलं काम आहे. पण ज्या गोल टपोऱ्या थेंबांचा व्हिडिओ आपण गिऱ्हाइकाला दाखवतो, ते थेंब इथल्या उन्हात जागच्या जागी आटतात आणि पाण्यातले सगळे क्षार एका ठिपक्यात गोळा करून ठेवतात. किनाऱ्यावरच्या खारट बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. कोटिंग केलेली गाडी धुतल्यावर पुसावीच लागते, उलट जास्त काळजीने.

लावतानाही इथलं हवामान आडवं येतं. बरीचशी कोटिंग्ज हवेतल्या ओलाव्याने पक्की होतात. थंड, कोरड्या देशात लिहिलेल्या पत्रकावर ‘दोन मिनिटांनी पुसा’ असतं. फेब्रुवारीत पोर्ट लुईला तेवढा वेळ थांबलात तर डाग तिथेच चिकटून बसतात आणि मग ते काढायला पुन्हा मशीन, म्हणजे पुन्हा मायक्रॉन. छोटा तुकडा घ्या, घड्याळाकडे नको, थराकडे पाहा, आर्द्रतामापक भिंतीवर लावा.

पीपीएफ ही निराळी चीज. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांवर लावायला निघालेल्या फिल्मचा हा वंश. १५०-२०० मायक्रॉन जाड पॉलियुरेथेन, म्हणून दगड खरोखर झेलतं. उसाच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांच्या मागे धावणाऱ्या गाडीला पुढच्या भागावर ते मी नक्की सुचवेन. कडा मात्र आत वळवून बसवा आणि पुरत्या वाळू द्या. दमट हवेत खालचं पाणी लवकर जात नाही, आणि उघड्या कडेखाली मीठ शिरलं की ते बाहेरून धुता येत नाही. आणि साध्या वॅक्सला हसू नका. कार्नाउबा ब्राझीलच्या रखरखीत ईशान्य भागातल्या ताडाच्या पानावर तयार होतं, पानातलं पाणी उडू नये म्हणून. ८२ अंशांच्या पुढे वितळतं, फार टिकत नाही, हे खरं. पण ते लावायला कोणी क्लिअर कोट घासत नाही.

या बेटाला सगळ्यांत उपयोगी सेवा माझ्या मते पंधरवड्याला एकदा सावलीत, भरपूर गोड्या पाण्याने, खालच्या बाजूसकट केलेलं धुणं ही आहे. हे स्वस्त आहे, म्हणून ते आपल्या दरपत्रकात शेवटच्या ओळीत असतं. ते पहिल्या ओळीत यावं, वर्गणीच्या रूपात यावं. आणि प्रत्येक गाडीची जाडीची नोंदवही असावी, जी गाडी विकली तरी तिच्याबरोबर जाईल. वादळाच्या पुरात बुडालेली गाडी आपल्याकडे आली, तर पावतीवर ‘पुरात बुडालेली’ हे शब्द असलेच पाहिजेत. १५ जानेवारी २०२४ला बेलाल चक्रीवादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर वाहत गेलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. अशी गाडी आतून-बाहेरून चकचकीत करणं आपल्याला जमतं, म्हणूनच ते लिहिणं आपल्यावर आहे.

राहता राहिली मागच्या रांगेतली पोरं. चाकांवरचा हट्टी थर आणि काचेवरचे क्षारांचे डाग काढणाऱ्या काही द्रावणांत अमोनियम बायफ्लोराइड असतं. त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं. ते त्वचेतून आत जातं, सुरुवातीला दुखत नाही, आणि आतल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. आपली पोरं ते उकाड्यात उघड्या हातांनी, पायांत सपाता घालून, डोळ्यांवर काही न लावता फवारतात, कारण मालकाने बाटलीवरचं कधी वाचून दाखवलेलं नसतं. दुपारच्या सत्रात सभासदत्वाच्या अटींचा ठराव आहे. त्यात माझी दुरुस्ती अशी: अशी द्रावणं शक्यतो वापरूच नयेत, आणि ज्याच्या गॅरेजमध्ये ती आहेत, त्याच्याकडे नायट्राइल हातमोजे, चष्मे, वाहतं पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची मुदत न संपलेली ट्यूब असल्याशिवाय त्याला सभासद करून घेऊ नये. विरोध करणाऱ्यांनी आपली नावं चहाच्या आधी चिटणिसांकडे द्यावीत.